मऊ स्प्रिंग

हे लिहायला बसताना मला अवघडल्यासारखं होतंय. आमच्या घरात सलग पानभर लिहिलेलं माणूस माझ्याआधी नव्हतं. आजोबा मेंढरं राखायचे, वडील निमगाव केतकीजवळ शेती करतात. शिवाय जे सांगायचंय, त्यातलं खरं काम माझं नाही, माझ्या मावसभावाचं आहे. तरी लिहितोय. कुणाला आगाऊपणा वाटला तर तो मला मान्य आहे.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. मी बारामतीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मावसभाऊ दहावी नापास होऊन एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला होता. आम्ही एकाच खोलीत राहायचो. सुट्टीला दोघं गावी गेलो की वडील विहिरीवरची मोटर त्याला दाखवायचे. तो पाइपाला कान लावून सांगायचा, "आबा, बेअरिंग गेलंय." मी शेजारी उभा असायचो. मोटर कशी चालते हे मी परीक्षेत चार पानं लिहून आलेला असायचो, पण मला कुणी विचारायचं नाही. मनात काय चालायचं, हे तेव्हा मी स्वतःलाही सांगत नव्हतो.

बावड्याचे एक डाळिंबवाले बागायतदार होते, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांना मातीतल्या मोटारशर्यतींचा नाद होता. आपल्या छोट्या पेट्रोल गाडीला त्यांनी जुन्या परदेशी गाडीचा टर्बो बसवून घेतला होता. टर्बो इंजिनात दाबून हवा भरतो. पण रेस, म्हणजे ॲक्सिलरेटर, सोडली की इंजिनाच्या तोंडावरची थ्रॉटलची झडप बंद होते आणि कोंडलेली हवा उलटी टर्बोवर आदळते. ती बाहेर सोडायला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लागतो. दादांची गाडी मावसभावाच्या वर्कशॉपमध्येच उभी असायची; तिथे या व्हॉल्व्हला सगळे शिट्टी म्हणायचे.

"पुण्याच्या शर्यतीला माझ्या शेजारी एकच जण बसंल," दादा म्हणाले. "शिट्टी जो चालू करंल त्यो."

मला जायचं होतं. एकदा तरी माझ्या शिक्षणाला कुणी शेजारी बसवावं, एवढंच हवं होतं.

मी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक तयार व्हॉल्व्ह शोधून आणला. ॲल्युमिनियमचा, वर परदेशी अक्षरं. मावसभावाने तो हातात घेतला, वरच्या नळीला तोंड लावून हवा ओढली आणि जिभेने भोक दाबून धरलं.

"गळतोय. आतला रबरी पडदा फाटलाय."

"नीट बघ की."

"तूच ओढ."

मी ओढलं. हवा सरळ तोंडात आली. दादा हसले, "सायेब, भंगार आणलंत व्हय?"

मग मावसभावाने लेथवर स्वतःच एक बनवला. पडद्याऐवजी पितळेचा दट्ट्या, त्यावर स्प्रिंग. दट्ट्या इतका गुळगुळीत की बोटावरून आपोआप घसरायचा. दादांनी तो निवडला. मी "छान झालाय" म्हणालो आणि खोलीवर येऊन न जेवता झोपलो.

पण बसवताना मावसभाऊ चुकला. दट्ट्याच्या डोक्यावर एक नळी येते. ती थ्रॉटलच्या पलीकडून, इंजिनाच्या बाजूने घ्यायची असते. रेस सोडली की तिथे ओढ तयार होते आणि ती दट्ट्या उचलते. त्याने ती अलीकडच्या पाइपाला जोडली, कारण तिथे भोक पाडणं सोपं होतं. आता वरून आणि खालून दाब सारखाच राहणार आणि शिट्टी जन्मात उघडणार नाही. मी लायब्ररीतल्या पुस्तकात आकृती पाहिली होती. मला पाहताक्षणी कळलं.

मी बोललो नाही.

एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर गाडी पळवली. रेस सोडली की टर्बो म्हशीसारखा नाकातून फुरफुरायचा.

"स्प्रिंग कडक हाय," मावसभाऊ म्हणाला आणि डब्यातून मऊ स्प्रिंग काढली. पुन्हा तेच. त्याहून मऊ घातली, पुन्हा तेच. तीन दिवस असं चाललं. प्रत्येक वेळी तो गाडीखालून काळ्या तोंडाने बाहेर यायचा आणि मला बरं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटायचं.

चौथ्या दिवशी दादा वैतागले. तेव्हा मी पुढे झालो आणि म्हणालो, "नळीची जागा चुकलीय." जमिनीवर काडीने आकृती काढून समजावलं.

मावसभाऊ वाकून बघत राहिला. मग कपाळावर हात मारून हसला. "आरं व्हय की. हे तुला कवा कळलं?"

"आत्ताच," मी म्हणालो.

नळी त्यानेच हलवली. गाडी पळवून रेस सोडली आणि शिट्टी अशी सुटली की शेजारच्या कारखान्यातले कामगार बाहेर आले. दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "सायेब, पुण्याला चला."

मावसभाऊ डबा घेऊन आला. "गड्या, ही स्प्रिंग आता लय मऊ पडंल. पयली कडक घालू का?"

त्याचं बरोबर होतं. इंजिन नुसतं चालू असलं तरी आतली ओढ मऊ स्प्रिंगला दाबते आणि व्हॉल्व्ह उघडा राहतो. मग फिल्टरमधून न गाळलेली बाहेरची हवा धुळीसकट तिथून आत जाते. हेही त्या पुस्तकात होतं. पण त्याने पुन्हा हात लावला असता, तर जुळवल्याचं नाव पुन्हा त्याचं झालं असतं.

"राहू दे," मी म्हणालो. "जुळलंय."

त्याने डब्याचं झाकण लावलं.

पुण्याला मी दादांच्या शेजारी बसलो. आमचा नंबर येईपर्यंत गाडी मैदानावर कितीतरी वेळ चालू उभी होती. पुढच्या गाड्यांची माती अंगावर येत होती आणि बॉनेटखालून बारीक सूं असा आवाज ऐकू येत होता. मी काच वर केली.

परतल्यावर अभ्यासाचं कारण सांगून मी होस्टेलवर राहायला गेलो. मावसभावाने माझी ट्रंक स्वतः उचलून आणून दिली. नंतर मी त्याच्याकडे फिरकलो नाही.

पुढे काही महिन्यांनी वडील बाजाराला बारामतीत आले. एसटी स्टँडवर चहा पिताना म्हणाले, "बावड्याच्या दादांची गाडी धूर सोडाय लागली म्हणं. इंजिन खोललं तर आत निस्ती माती. सिलिंडर खरवडून निघालं."

मी कप खाली ठेवला. "मग?"

"मग काय, दादा लय तापलं. तुझा भाऊ म्हणला, मऊ स्प्रिंग मीच घातली हुती, चूक माझी. दादा म्हणलं, मग तूच बांध इंजिन. आता त्योच बांधतोय. म्होरल्या शर्यतीला त्यालाच नेणार हायती."

"आणि माझं काय म्हणाला?"

वडिलांनी बशीतला चहा संपवला.

"तुझं? तुझं नाव तितं कुणी काढलंच न्हाय."