शकूआत्याची ‘मेमरी गेली’ तेव्हा

माझ्या शकूआत्याला एका प्रश्नात वेडी ठरवलं होतं.

आज तिला जाऊन बरीच वर्षं झाली. राग अजून ताजा आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आत्या विधवा, मूलबाळ नाही. घाटकोपरला आमचं वन रूम किचन, त्यात आम्ही सहा जण. म्हणून पप्पांनी तिला मुलुंडच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं होतं.

मी रविवारी तिच्यासाठी तळलेले बोंबील घेऊन जायचे. आश्रम शाकाहारी, त्यामुळे डबा पर्सच्या तळाशी.

एका रविवारी बघते तर आत्या भर दुपारी गुंगीत. बोंबलांकडे ढुंकूनही बघेना.
मला तिथेच संशय आला.

मेट्रन म्हणाली, "डॉक्टरांनी चेक केलं. मेमरी गेलीय. गोळी चालू केलीय, आता वरच्या मजल्यावर हलवणार."

वरचा मजला म्हणजे बाहेरून कडी.

मेमरी गेली? माझ्या बारशाला कोण कोण आलं नव्हतं, ते जिला पाठ होतं, तिची?

डॉक्टर तिथेच होते. मी त्यांनाच गाठलं. "काय विचारलंत हिला?"

"नेहमीचंच. नवऱ्याचं नाव. परत परत विचारलं, पण नुसत्या खाली बघत बसल्या."

मी कपाळावर हात मारला. आत्याला हलवून उठवलं.
"आत्ये, नाव का नाही सांगितलंस गं?"

जड जिभेने म्हणाली, "मी ह्यांचा नाव कसा घेव गो बाय? ह्या डाक्टराक लाज नाय."

"मग हिंट तरी दे ना!"

तिने डोक्यावरून पदर घेतला. "गणपतीच्या बापाशीचा नाव काय? ताच."

"शंकर," डॉक्टर पुटपुटले.

आणि सत्तरीची माझी आत्या चक्क लाजली.

गोळी बंद झाली. वरचा मजला टळला. पुढच्या रविवारी बोंबलात मीठ कमी म्हणून तिने मला झापलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

डॉक्टर म्हणाले, चूक झाली. असेल.
पण त्या दिवशी निघताना मी मेट्रनला विचारलं होतं, "पुरुषांच्या हॉलमधून वर किती जण गेलेत?"

"कोणी नाही."

"आणि बायका?"

ती चाव्या उचलून निघून गेली.

त्या कडीमागे खरंच विसरलेल्या किती होत्या, आणि नुसत्या लाजलेल्या किती? त्यांच्याकडे बोंबील घेऊन कोण जात होतं?

आत्ये, आज बोंबील केलेत. मीठ नीट घातलंय.
तुला, आणि वरच्या मजल्यावरच्या त्या सगळ्या जणींना, मनापासून श्रद्धांजली.