सीलबंद मशीन आणि बाईंची पिशवी

आमच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत माझी बायको सरपंचपदासाठी उभी होती आणि मी बूथवर तिचा एजंट. स्वभावानं मी संशयी. पेट्रोल भरतानाही मीटर शून्यावर आल्याशिवाय टाकीचं झाकण उघडत नाही. तेव्हा बायकोचं सरपंचपद एका पेटीत घालून दुसऱ्यांच्या भरवशावर तालुक्याला, साकोलीला धाडणं मला जमणारं नव्हतं.

मतदान संपलं. केंद्राध्यक्ष बाई दुसऱ्या तालुक्यातल्या शिक्षिका होत्या. त्यांनी आमच्यासमोर मशीन बंद केलं, पेटीला सील लावलं, आमच्या सह्या घेतल्या. समोरच्या पार्टीच्या एजंटानं न बघता सही ठोकली. मी सीलचा नंबर पेनानं तळहातावर उतरवून घेतला. तो हसला. हसू दे.

मग ती पिशवी दिसली. बाकी सगळं सामान पाकिटांत, प्रत्येकावर लाख. आणि बाईंच्या काखेत एक कापडी पिशवी, तोंडाशी गच्च गाठ, सील नाही. शिपाई घ्यायला पुढे झाला तर म्हणाल्या, "राहू द्या, ही माझी आहे." बसमध्ये मशीन शिपायाच्या पायाशी आणि पिशवी बाईंच्या मांडीवर. मशीनपेक्षा पिशवीला जपणारा अधिकारी मी तरी पाहिला नव्हता. इथं नक्की पाणी मुरत होतं.

बसच्या मागे मी मोटारसायकल काढली. मागच्या सीटवर समोरच्या पार्टीचा एजंट येऊन बसला. मशीनच्या मागे मी एकट्यानं जावं हे त्याला मंजूर नव्हतं, आणि तो माझ्या नजरेसमोर असलेला मलाही बरा होता. वाटेत धानानं भरलेला ट्रॅक्टर मध्ये घुसला आणि बस दिसेनाशी झाली. तेवढ्यात किती पेट्या बदलल्या असतील याचा हिशेब मी साकोली येईपर्यंत करत होतो.

तहसीलमध्ये मशीन जमा करून घेणाऱ्या साहेबांच्या टेबलापाशी मी आवाज चढवला. "मशीन नंतर पाहू साहेब. आधी बाईंची पिशवी उघडा."

बाईंचा चेहरा उतरला. साहेबांनी खूण केली, गाठ सुटली. आत नवा तांदूळ, नारळ, हळदकुंकवाची पुडी आणि पोपटी ब्लाउजपीस. ओटी.

"गावातल्या एका बाईनं भरली," त्या खाली बघत म्हणाल्या. "ओटीला नाही कसं म्हणणार, साहेब?"

तो पोपटी ब्लाउजपीस दिवाळीला मीच आणला होता. घरात कोणाला रंग आवडला नव्हता. केंद्राध्यक्षाला उमेदवाराच्या घरचा तांदूळ पोचला म्हणजे काय होतं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"लेखी तक्रार देता?" साहेबांनी विचारलं.

"नाही जी."

"काहून गा?" माझ्या शेजारचा एजंट म्हणाला. "आत्ता तं चिल्लावून राहिला होतास. कोन्या बाईनं भरली, तेवढं तं विचार."

बाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. उमेदवाराचा नवरा कोण हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "जाऊ दे ना, बायामाणसाची गोष्ट आहे," मी म्हणालो. साहेबांना अजून बाकीच्या गावांच्या पेट्या घ्यायच्या होत्या. त्यांनी पिशवी बाजूला सरकवली. मी तळहातावरचा नंबर जुळवला. जुळला. परत येताना मागच्या सीटवरून एजंटाची नजर माझ्या पाठीला लागत होती.

मतमोजणीत बायको निवडून आली, थोडक्या मतांनी. गुलाल धुऊन झाल्यावर मी ओटीचं विचारलं.

"मतदान तं होऊन गेलं होतं जी," ती म्हणाली. "सवाशीन बाईले गावातून खाली हातानं कशी जाऊ देऊ?"

मी मान डोलावली. पण मतदान संपून मशीन बंद झाल्यापासून बस सुटेपर्यंत त्या बाई माझ्या नजरेआड झाल्याच नव्हत्या.