आईची खुर्ची

माझा धाकटा भाऊ ब्रह्मपुरीला चित्रकला शिकवतो. गुडघे गेल्यापासून आई भद्रावतीला माझ्याकडे असते. तिला भेटायला आला की भाऊ बसल्या बसल्या घरातलं काहीबाही कागदावर काढायचा. सूप, तवा, दोरीवरचे टॉवेल. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं.

या हिवाळ्यात चंद्रपूरला त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. मी आईला घेऊन गेले. शेजारच्या काकूही हौसेनं आल्या. आत शिरताच काकू म्हणाल्या, “बाई, हे तर तुमच्याच घरचं सूप आहे.” आईला हसू आलं. ती काकूंचा हात धरून एकेका चित्रापाशी रेंगाळत राहिली. मी पुढे गेले आणि शेवटच्या भिंतीशी थबकले.

तिथलं सगळ्यात मोठं चित्र आईच्या शौचाच्या खुर्चीचं होतं. प्लॅस्टिकची साधी खुर्ची, मधोमध मीच कापलेलं भोक, कडा टोचू नयेत म्हणून गुंडाळलेल्या माझ्या जुन्या परकराच्या चिंध्या, खाली बादली. अशा खुर्च्या दुकानात तयार मिळतात, हे मला ठाऊक होतं. घेऊ, घेऊ म्हणता राहूनच गेलं होतं. चिंधीवरचा डागसुद्धा त्यानं सोडला नव्हता.

चार अनोळखी माणसं ते निरखून बघत होती. माझे कान तापले. मी जाऊन चित्राला पाठ लावून उभी राहिले. एका गृहस्थांनी जरा बाजूला व्हायला सांगितलं, तरी हलले नाही.

भाऊ आला. “ताई, अशी काऊन उभी आहेस?”

“उतरव हे. आईची लाज चारचौघांत टांगली तू.”

“आईची?” तो हळू आवाजात म्हणाला. “मले तर त्यात तुहे हात दिसतात.”

“मले काही ऐकायचं नाई. उतरव.”

त्यानं चित्र उतरवलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तेवढ्यात आई पोचली. मोकळ्या खिळ्याकडे बघून तिनं विचारलं, “इथी काय होतं?”

“काही नाई,” मी म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, “माही खुर्ची होती ना? त्यानं मले विचारलं होतं. मीच म्हटलं, काढ.” मग ती पुटपुटली, “मले पाहाची होती.”

मला तिच्याकडे मान वळवता येईना.

सकाळी मी तिला परत चंद्रपूरला चल म्हणाले. “आता गुडघे नाई म्हणतात,” ती म्हणाली. प्रदर्शन संपल्यावर भावाला फोन केला, तर ते चित्र नागपूरच्या कुणीतरी नेलं होतं. त्यानं फोटो पाठवला. मी मोबाइल आईच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

“दिसत नाई गं,” म्हणाली आणि मोबाइल मला परत दिला.