डाव्या हाताचं घड्याळ

प्रकाशा गावच्या शांतीलाल पाटलांचा वजनावर भारी विश्वास. उभा जन्म ऊस पिकवण्यात गेला, आणि काट्यावर चढल्याशिवाय उसाचं मोल कळत नाही. त्यामुळे चप्पल असो, कुलूप असो की बायकोची जोडवी, हा माणूस आधी ती उजव्या तळहातावर तोलणार आणि हलकी लागली की नाक मुरडणार. "मला बघायला आले तेव्हाही मनातल्या मनात तोललंच असेल," असं त्यांच्या पत्नी पार्वतीबाई चिडवायच्या.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. चालणं-बोलणं सावरलं, पण डावा हात वाळल्यासारखा झाला. तेव्हापासून तो खिशात गेला तो गेलाच. आता मुलीचं, मयूरीचं लग्न तोंडावर आलं होतं. कन्यादानाला दोन्ही हातांची ओंजळ धरावी लागते, आणि सगळ्या मांडवाचे डोळे तिथेच असतात. या एका विचाराने शांतीलालना अन्न गोड लागेना. शेवटी त्यांनी तोड काढली. मनगटावर असं घसघशीत घड्याळ बांधायचं, की लोकांनी हात सोडून घड्याळच बघावं.

मयूरीला घेऊन ते शहाद्याच्या दुकानात गेले. एक सोनेरी, जाडजूड घड्याळ उजव्या हातावर तोलून त्यांनी खुशीत मान डोलावली. दुकानदाराने ते डाव्या मनगटावर चढवलं मात्र, हात काचेवर टेकला तो उचलेचना. तोलायचा हात एक आणि बांधायचा दुसरा, हे एवढ्या हिशेबी माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते खालमानेने पट्टा सोडवू लागले.

मयूरीने दुसरं घड्याळ पुढे केलं. काळंभोर, सिरॅमिकचं, दोन नाण्यांपेक्षा जाड नसेल.

"हाई तं चिनी मातीनं शे," शांतीलाल म्हणाले. "कपबशी बांधू का हातले? वजनच नही एन्हात."

"वजन नही, म्हनीसनच तं काढं, नाना," मयूरी बापाला म्हणाली.

त्यांनी पोरीकडे पाहिलं. वर्षभर आपण लपवतोय असं त्यांना वाटत होतं. घरात कुणापासून काही लपलंच नव्हतं. आधी राग आला, मग तो निवळला. त्यांनी मनगट पुढे केलं. घड्याळ बांधून झालं आणि हात थरथरत का होईना, छातीपर्यंत वर आला.

"बाही लांब शिवाले सांगसू," मयूरी हळूच म्हणाली. "कोनले दिसाव नही."

शांतीलालनी मान हलवली.

"नको. हात लपाडीसन पोर कशी देऊ?"

लग्नात ते अर्ध्या बाहीच्या सदऱ्यात बसले. ओंजळ धरली तेव्हा डावा हात थरथरला, बोटांतून पाणी निसटलं. मांडवाने ते पाहिलं. खाली मयूरीच्या ओंजळीत पाणी पडत होतं, आणि तिने दोन्ही अंगठ्यांनी बापाची बोटं खालून घट्ट धरून ठेवली होती. शांतीलालना रडू फुटलं. त्याचीही त्यांना लाज वाटली नाही.