बकऱ्याची चौकशी

माझ्या सासऱ्यांनी जेवढे बकरे नापास केले, तेवढी पोरं नागपुरातल्या कुठल्याही मास्तरानं केली नसतील. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजींना मटण जीव की प्राण. पण बकरा सुखात वाढलेला हवा, मोकळ्या रानात चरलेला हवा आणि मुख्य म्हणजे कुणी त्याचा अपमान केलेला नको. "दुःखी बकरा पचत नाही जवाईबुवा," ते मला बजावत, "पोटात जाऊन रडते तो."

आमच्या जरीपटका वस्तीतला खाटीक त्यांना लांबून पाहूनच सुरी खाली ठेवायचा. हा काय खात होता? पाणी विहिरीचं की नळाचं? माय हयात आहे का? एकदा त्यानं हात जोडले, "काकाजी, बकरा लेना है के जमाई करना है?" मामाजी जरासुद्धा हसले नाहीत. "जवाई पाहाले एवढा वेळ नाही लागला गा!" मी शेजारीच पिशवी धरून उभा होतो. खोटं नव्हतं ते. माझा त्यांनी फक्त पगार विचारला होता.

आणीबाणी उठली त्या वर्षी माझं लग्न झालं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जावयाला मटणाचं जेवण आणि नळीचं हाड त्याच्याच ताटात, असा या घरचा रिवाज. दरवर्षी सासूबाई सकाळपासून मसाला वाटायच्या, मामाजी बकरा पाहायला जायचे आणि दुपारी रिकामी पिशवी घेऊन परतायचे. मग त्याच मसाल्यात बेसनाच्या पाटोड्या पडायच्या. शेजारपाजारच्या घरांतून मटणाचा वास येत असताना मी नऊ वर्षं सासुरवाडीला पाटोड्यांचा रस्सा खाल्ला.

एकदा मात्र आशा दिसली. नरखेडकडच्या एका संत्र्याच्या बागेत म्हणे आदर्श बकरा होता. आम्ही एसटीनं गेलो. मामाजींनी दात पाहिले, चाऱ्याचा वास घेतला, निंबाखाली तासभर त्याच्या शेजारी बसून राहिले आणि हळूच म्हणाले, "पास." माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तेवढ्यात बकऱ्यानं मालकाच्या धोतराला तोंड लावलं आणि मालकानं त्याला आईवरून शिवी हासडली. मामाजी ताडकन उठले. "चला जवाईबुवा. या घरी बकऱ्याले इज्जत नाही." परतीच्या एसटीत माझ्या मांडीवर संत्र्यांची पिशवी होती.

दहाव्या वर्षी मामाजींना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण माणूस खाटेला खिळला. डॉक्टर म्हणाले, मटणाचा रस्सा द्या, नाहीतर हे उठायचे नाहीत. मामाजींनी भिंतीकडे तोंड केलं. "बकरा कोणी पाहिला?" त्यांचं एकच. चार दिवस पेजेशिवाय काही नाही. सासूबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "आता तुमीच काही करा जी."

मी जरीपटक्याला गेलो आणि एक शब्द न विचारता मटण घेऊन आलो. चूल पेटली. मी खाटेशी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांशी सलग खोटं बोललो. बकरा कळमन्याच्या पलीकडचा. तांबडा, कपाळावर पांढरा टिळा. विहिरीचं पाणी. माय हयात, तब्येत ठणठणीत. मालक सज्जन, बकऱ्याला अहोजाहो करतो.

"चालत कसा होता?" मामाजींनी क्षीण आवाजात विचारलं.

"तुमच्यासारखा. थांबून थांबून, प्रत्येक झाड पाहत."

त्यांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. "तुमाले खोटं बोलता येत नाही जवाईबुवा," ते म्हणाले. "पण एवढी चौकशी कोणासाठी रचली, ते समजते मले. आणा ताट."

सासूबाईंनी त्यांना उशीला टेकवून बसवलं. वाटीभर रस्सा ते घोट घोट प्याले. मग ताटात चाचपून नळीचं हाड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "घ्या. दहा वर्षं झाली, तुमची नळी राहून गेली होती."

मामाजी त्या दुखण्यातून उठले आणि पुढे आठ वर्षं बकरे नापास करत राहिले. आता ते नाहीत. त्यांनी दिलेली ती नळी मी त्या दिवशी बराच वेळ चोखत बसलो होतो. आत काहीच उरलं नव्हतं. पण मान वर केली असती तर माझे डोळे त्यांना दिसले असते.