अकरा मिनिटं, एक शब्द नाही

सुर्ल्यातला यशवंत पस्तीस वर्षं गावच्या नाटकाला प्रॉम्प्टिंग करतो. पंचायतीत कारकून होता, आता निवृत्त झाला. पण कारकून म्हणून त्याला ओळखतो कोण? विंगेत खुर्चीवर बसायचं, मांडीवर वही, आणि नट अडला की पुढचा शब्द द्यायचा. तोही असा, की पहिल्या रांगेतल्या म्हातारीला पत्ता लागू नये. आमच्याकडे नाटक नाही तर जत्रा कसली? पण यशवंत नाही तर नाटक कसलं, हे काही कुणी कधी म्हटलं नाही. शाल मिळते ती राजाला.

राजा म्हणजे रुद्रेश. खनिज वाहणाऱ्या तीन टिपर ट्रकांचा मालक, नाट्यमंडळाचा अध्यक्ष, आणि वीस वर्षं कायमचा राजा. रूप देखणं, आवाज भारदस्त, पाठांतराच्या नावानं शंख. यशवंतने हळूच वाक्य द्यावं आणि रुद्रेशने मांडव हादरेल असं म्हणावं, अशी ती जोडी.

यंदा मधे आली तनया, यशवंतची पुतणी. पणजीला चित्रकला शिकली आणि चित्रं काढायची सोडून व्हिडिओ करायला लागली. तिचा एक व्हिडिओ तिथल्या प्रदर्शनात लागला होता. गावची बंद पडलेली खाण, खंदकात साचलेलं हिरवं पाणी, कॅमेरा एकाच जागी. अकरा मिनिटं. गाणं नाही, बोलणं नाही, कसलाच आवाज नाही. यशवंत पाहायला गेला तेव्हा सवयीने पहिली चार मिनिटं त्याचे ओठ शब्द शोधत राहिले. मग त्याच्या ध्यानात आलं, इथे कुणी अडलेलंच नाही. जिभेला आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी मिळाली. त्या पाण्याखाली त्याच्या वडिलांचं सुपारी-केळीचं कुळागर होतं. त्यावर मोर्चेवाले बोलले, खाणवाले बोलले, पुढारी तर बोलून बोलून मोठे झाले. गप्प राहून कुणी पाहिलं नव्हतं. तो तिथेच जमिनीवर बसून रडला, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

"काका, हे सुर्ल्यात लागायला हवं," तनया म्हणाली. "ज्यांचं आहे त्यांनी नको पाहायला?"

यशवंतने मंडळाच्या बैठकीत शब्द टाकला. नाटकाआधी अकरा मिनिटं द्या. पस्तीस वर्षांत त्याने मागितलेली ही पहिली गोष्ट. रुद्रेश हसत हसत हो म्हणाला.

जत्रेच्या सांजेला मांडव भरला. रात्री दहाला माईक बंद करायचा कायदा, म्हणून हल्ली नाटक लवकरच उभं राहतं. तनयाने लॅपटॉप सुरू केला आणि पडद्यावर खंदक आला. दोन मिनिटं लोक गुमान बसले. मग कुणी म्हणालं, आवाज वाढवा. कुणी शिटी घातली. अर्धी रांग उठून खाज्याच्या दुकानांकडे गेली. "यशवंतबाब, वही उघडा, पाणी अडलंय," असं मागून कुणी ओरडलं आणि सगळा मांडव हसला. तनयाची मान खाली गेली. यशवंत तिच्या शेजारी हाताची घडी घालून उभा राहिला. हसा किती हसायचं ते, असा त्याचा चेहरा होता.

सातव्या मिनिटाला रुद्रेश मुकुटासकट बाहेर आला. "पुरे मरे आता. खंदक काय लोकांनी पाहिला नाही? रोज तिथून जातात." आणि त्याने वायर ओढली. पडद्यावर अंधार झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"चार मिनिटं राहिलीत," यशवंत म्हणाला.

"ती पुढच्या वर्षी."

"चारच मिनिटं, रुद्रेशा."

"नाटक सुरू करायचंय. तुम्ही जा बघू विंगेत."

यशवंतचं डोकं फिरलं. तो विंगेत गेला, वही उचलली, बाहेर आला आणि पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला. वही मांडीवर, मिटलेली.

नांदी झाली, पडदा उघडला. राजा ऐटीत आला, दोन वाक्यं दणक्यात म्हणाला आणि तिसऱ्याला सवयीने विंगेकडे वळला. तिथे रिकामी खुर्ची. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, शेवटी समोर पाहिलं. यशवंत त्याच्याकडेच बघत होता, आणि मधून मधून मनगटावरच्या घड्याळाकडे.

एक मिनिट गेलं. सेनापतीने खाकरून पाहिलं, पण त्याचं भाषण राजाच्या नंतरचं. शिट्या घालणारेसुद्धा गप्प झाले. मुकुट, मिशा, तलवार, आणि तोंडात शब्द नाही, असा रुद्रेश गावाने कधी पाहिला नव्हता. दुसरं मिनिट गेलं. घामाने गालावरचा रंग ओघळायला लागला.

मंडळाचा चिटणीस श्रीनाथ वाकत वाकत यशवंतच्या कानाशी आला. "यशवंतबाब, गावाची लाज जाते आहे."

"जाऊ दे," यशवंत म्हणाला. "पस्तीस वर्षं मीच राखली."

तिसरं मिनिट गेलं. लोक आता राजाकडे बघत नव्हते, यशवंतकडे बघत होते. तनयाने मान वर केली. चौथं मिनिट सरता सरता रुद्रेशने तलवार खाली ठेवली.

"लावा रे ते पिक्चर," तो म्हणाला.

यशवंतने जागचं न हलता, नेहमीच्या हलक्या आवाजात, पुढचा शब्द दिला. "पहिल्यापासून."

आणि वीस वर्षांच्या सवयीने रुद्रेशने तो उचलला, मान ताठ केली आणि मांडव हादरेल असा म्हटला, "पहिल्यापासून!"