मोटरवाल्या ताई आणि त्यांची शोभा

चालू मोटरच्या अंगाला ताई लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायच्या आणि मूठ स्वतःच्या कानाला लावायच्या. डोळे मिटलेले. समोरचा शेतकरी "परवापासनं जरा..." म्हणून सुरू झाला की दुसरा हात वर. "थांबा. आदी तिला बोलू द्या." मग डोळे उघडून निकाल द्यायच्या. "बेरिंग गेलंय." नाहीतर, "जळालीया. आता तोंड पाडू नका, उद्या या."

इंदापुरात स्टँडमागच्या गाळ्यांत माझं झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. शेजारचा गाळा त्यांचा. विहिरीच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायच्या. अंगात साडीवर पुरुषी शर्ट, नखांत कायमचं काळं. नवीन गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, "मालक कुठं गेलं?" त्या तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता म्हणायच्या, "मालक हितंच हाय. बोला."

पुढच्याच वर्षी तोच माणूस शेजारच्या दोघांना घेऊन यायचा. त्यांनी भरलेली मोटर सहसा परत येत नसे.

त्यांच्यासोबत शोभाताई राहायच्या. ब्लाउज शिवायच्या. गाळ्यापासून चार पावलांवर दोघींची भाड्याची खोली. गावाला वाटायचं मावसबहिणी असतील. मलाही तसंच वाटायचं, किंवा मी तसं वाटून घेतलं होतं. एका दुपारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. मी पाटावर बसलो. शोभाताईंनी भाकरी वाढली, आणि ताई सरळ म्हणाल्या, "भाऊ, एक सांगून ठिवते. ही माझी भन न्हाय. घरची हाय. तुमची वैनी तुमच्या घरची हाय ना, तशी. कळलं का?"

मी म्हणालो, "कळलं."

"मंग जेवा. भाकरी गार व्हतीया."

शोभाताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला वाटलं, मी किती मोठ्या मनाचा माणूस. हे ऐकूनही दुसरी भाकरी मागून घेतली. माझा तो मोठेपणा किती खोल होता ते पुढं कळलंच.

दोन वर्षांमागची गोष्ट. शोभाताईंचं पोट असह्य दुखायला लागलं. माझ्या गाडीतून आम्ही बारामतीला एका खासगी दवाखान्यात गेलो. अपेंडिक्स, आजच ऑपरेशन करायला हवं, डॉक्टर म्हणाले. काउंटरवरच्या माणसानं कागद पुढं केला. "नातेवाइकाची सही." ताईंनी पेन घेतला.

"तुम्ही कोण यांच्या?"

"घरची."

"घरची म्हणजे? आई, बहीण, जाऊ?"

"चौदा वर्सं एका घरात राहतूय आमी."

"तसं चालत नाही हो बाई. रक्ताचं माणूस आणा, नाहीतर नवरा."

स्ट्रेचरवरून शोभाताई म्हणाल्या, "माझं पोट हाय, माझी सही घ्या की." त्याला ते ऐकूच आलं नाही. ताईंनी काउंटरवर मूठ आपटली. सगळा हॉल वळून बघायला लागला. वॉचमन आला आणि शोभाताईंना सोडून ताईंनाच धरायला लागला.

शेवटी सोमेश्वरनगरकडच्या एका गावातून शोभाताईंच्या भावाला बोलवावं लागलं. या भावानं चौदा वर्षांत बहीण जिवंत आहे का हेही विचारलं नव्हतं. तो यायला चार तास लागले. तेवढा वेळ शोभाताई दात आवळून पडून होत्या. त्यानं कागद न वाचता सही केली आणि त्या एका सहीनं तो मालक झाला. त्यानंतर डॉक्टर त्याच्याशीच बोलायचे. ताई मागं उभ्या राहून कान देऊन ऐकायच्या. सुट्टी मिळाली त्या दिवशी तो जीप घेऊन आला आणि बहिणीला माहेरी घेऊन गेला. टाके ओले होते, त्यांना धड उभंही राहता येत नव्हतं. ताई जीपच्या दाराला धरून चालत राहिल्या. जीपनं वेग घेतला तेव्हा हात सुटला.

फोन बंद. आठ दिवसांनी ताई त्या गावात गेल्या, तर भावानं उंबऱ्यातूनच परत पाठवलं. मग त्यांनी पोलिसांत अर्ज दिला. तो मीच टाइप केला. म्हणाल्या, "भाऊ, तुमी संगं चला. चौदा वर्सं बघितलंय म्हणून सांगा, बस."

गेलो. ठाण्यात शोभाताईंचा भाऊ त्यांना घेऊन आला होता. पोटावर हात धरून त्या उभ्या होत्या. भाऊ म्हणत होता, "साहेब, करणी केलीया हिनं माझ्या भनीवर." साहेबांनी शोभाताईंना वय विचारलं. "बेचाळीस," त्या म्हणाल्या. "मला हिच्यासंगं घरी जायचंय." मग साहेब माझ्याकडं वळले. "तुम्ही शेजारी ना? या दोघी एकमेकींच्या कोण?"

एवढा एकच प्रश्न. पण दारात माझ्या ओळखीची दोन माणसं उभी होती. मला माझं दुकान दिसलं, माझ्या मुलीची सोयरीक दिसली. मी म्हणालो, "मैत्रिणी आहेत साहेब. एकट्या बायका, एकमेकींच्या आधारानं राहतात."

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही.

"न्हाय साहेब," त्या म्हणाल्या. "भाऊ भ्यालं. ही माझी बायको हाय आन् मी तिची. कायदा आमचं लगीन लावत न्हाय, पण आता आमाला गुन्हेगारबी म्हणत न्हाय. ती शाणीसुरती बाई हाय. तिला जायाचंय. तुमी फकस्त वाट सोडा."

साहेबांनी कागद पुढं ओढला. मग शोभाताईंचा जबाब लिहून घेतला आणि भावाला बाजूला व्हायला सांगितलं. दोघी बाहेर आल्या, गाडीत बसल्या. वाटेत मी म्हणालो, "ताई, चुकलं माझं."

"गाडी चालवा, भाऊ."

ठाण्याबाहेर कुणीतरी मोबाइलवर त्यांचा फोटो काढला होता. आत काय बोलणं झालं त्यासकट संध्याकाळपर्यंत तो गावभर फिरला. मग जे झालं ते कुणी ओरडून केलं नाही, म्हणूनच माझा संताप अजून जात नाही. ज्या बायका बारा वर्षं शोभाताईंना मापं देत आल्या, त्यांना आता त्या हातांनी टेप लावलेला चालेना. शिवून ठेवलेले ब्लाउजसुद्धा न्यायला आल्या नाहीत. घरमालक म्हणाला, "माझ्या पोरी लग्नाच्या हायत, खोली दुसरी बघा, तुमी समजून घ्या." समजून कायम त्यांनीच घ्यायचं! मोटरी मात्र येत राहिल्या. मोटर आतबाहेर करताना त्यांच्या हाताचा कुणाला विटाळ झाला नाही. पाणी सगळ्यांना हवं होतं. पूर्वी विहिरीवर काम झालं की त्यांना ताट वाढलं जायचं. आता बांधावरूनच "या मग" म्हणून बोळवण व्हायला लागली.

त्या माझ्याशी बोलायच्या थांबल्या नाहीत. ते जास्त जड गेलं.

संक्रांतीनंतर एका सकाळी टेम्पो आला. तार भरायचं यंत्र, शिलाई मशीन, एक पलंग. पुण्याकडं कुठंतरी कारखान्यात काम मिळालं होतं. शोभाताईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. पत्ता त्यांनी दिला नाही. मागायला मला तोंड नव्हतं.

परवा नदीकाठचा एक शेतकरी जीपमध्ये मोटर टाकून आला. बंद शटरसमोर मोटर उतरवून घेतली, जीपवाल्याला चहाला पाठवलं आणि माझ्याकडं आला.

"त्या बाई कुठं गेल्या हो? लई चोख काम व्हतं."

"गेल्या. त्यांना आणि त्यांच्या बायकोला या गावानं घालवलं."

"बायकू?"

"हो. बायको."

मी हे आता किती मोठ्यानं बोलतो ते बघा. आता बोलायला काय लागतं!

तो पुटपुटला, "तो फोटू आमच्या ग्रुपवर आलता. मीबी फुडं धाडला व्हता." मग म्हणाला, "मंग आता मोटर कुणाकडं न्यायची?"

शटरसमोर जाऊन त्यानं वाकून मोटरला दोन्ही हात घातले. एकट्याला ती उचलेना. दोनदा त्यानं माझ्याकडं पाहिलं.

मी खुर्चीवरून उठलो नाही.